देशाची वीज सांभाळणारी सून

अगं, आमचं लग्न जमलं ते लाईट गेल्यामुळे. हसू नको, खरंच. निखिलच्या घरचे मला बघायला आले होते. संध्याकाळची वेळ. त्याच्या बाबांनी विचारलं, "आपण नेमकं काय करता?"

मी जरा भावच खाल्ला. म्हटलं, "देशाच्या वीजपुरवठ्यावर कुठून हल्ला होऊ शकतो, काय बंद पडू शकतं, याचा अंदाज आम्ही आधीच बांधून ठेवतो."

"अरे वा," ते म्हणाले, आणि लाईट गेली.

सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बशा तशाच. मग अंधारातून त्यांचाच आवाज आला, "याचा अंदाज होता का?"

माझी आई घाईघाईनं म्हणाली, "अहो, ती देशाचं बघते, कोथरूडचं नाही."

तेवढ्यात माझ्या साहेबांचा फोन आला. मलाही वाटलं, मेले, आता खरंच काहीतरी मोठं झालंय! गडबडीत स्पीकर चालू झाला आणि साहेब ओरडले, "अगं, आमच्याकडे लाईट गेलीये. तुझ्याकडे असली तर मॅच बघायला येऊ का?"

तोंड लपवायला अंधार होता, एवढंच नशीब. निखिल मात्र ठसका लागेपर्यंत हसला, आणि मी तिथल्या तिथे ठरवलं, हा मुलगा चालेल.

निघताना सासरे दारात चाचपडत म्हणाले, "देश सुरक्षित हातांत आहे, हे कळलं. आता तेवढी माझी चप्पल शोधून द्या."