सगळे जेवायला बसले

नाही हो मावशी, परीक्षा कसली — यात चुकतच नाही कुणी. मी चित्र दाखवणार, खालचं वाक्य वाचणार, तुम्ही नुसतं खरं म्हणायचं नाहीतर खोटं. एवढंच. तुमची गाडी तशीही उशिरा आहे, मघाशीच सांगितलं त्यांनी. पिशवी ठेवा ना खाली — मासा आहे वाटतं? मग राहू दे मांडीवरच, वर्ष संपायच्या दिवशी मासा जमिनीवर नको. काही विकत नाहीये हो मी, विद्यापीठाचं काम आहे. शब्दांच्या अर्थाचा अभ्यास करतो आम्ही. माझा शब्द 'सगळे'. हसा, हसा, आईपण हसली होती — म्हणाली, एवढं शिकून तुला 'सगळे' म्हणजे कोण ते कळत नाही होय? आता काय सांगायचं तिला. नाहीच कळत. बघा, घरी तुम्ही म्हणता, सगळे झोपले — म्हणजे काय अख्खं तैवान झोपलं? नाही ना. बोलणाऱ्यानं मनात आधीच एक कुंपण घातलेलं असतं, सगळे म्हणजे त्याच्या आतले. ते कुंपण कोण घालतं, कसं पडतं, हे गणिताच्या खुणांनी मांडायचं — हा माझा प्रबंध. आणि विचारायचं दुसऱ्यांना, कारण माझा स्वतःचा कान गेलाय. तेच वाक्य रोज घोळवलं की ते खरंही वाटत नाही, खोटंही वाटत नाही, नुसता आवाज उरतो. आमच्या धंद्यातलं दुखणं आहे हे.

हं, हे पहिलं. मुलं आहेत, कंदील आहेत, एक कंदील झाडाला अडकलाय. 'प्रत्येक मुलाकडे कंदील आहे.' खरं — बरोबर. म्हणजे, 'बरोबर' असं म्हणायचं नसतं मी, माझे मार्गदर्शक, लियाओ सर, रागावतील. आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळता कामा नये, हा पहिला नियम. पुढचं. 'एकही मांजर झोपलेलं नाही.' खोटं — हो, ते पायरीवरचं झोपलंय. चांगली आहे हो तुमची नजर.

आता हे. गोल टेबल, मधे मासा, न चिरता शिजवलेली लांब पानांची भाजी, म्हातारा-म्हातारी, मुलगा, सून — सुनेला दिवस गेलेत, असं दाखवलंय. 'सगळे जेवायला बसले.' खरं? — घाई करू नका. चित्र पूर्ण बघा मावशी. दाराबाहेर पण बघा. हो, बाई आहे. उभी आहे. आता सांगा.

तरी खरं.

नाही, नाही, चुकलं काही नाही. दुपारपासून सगळे हेच म्हणतायत. एकानंही खोटं म्हटलं नाही. सर खूश होतील, माझंच म्हणणं सिद्ध होतंय — एवढं स्वच्छ उत्तर मिळायला लोक तरसतात. आणि मी बसलेय एका 'खोटं'ची वाट बघत. एकच. पडला प्रबंध तर पडू दे. — ती बाई कोण? शेजारीण असेल म्हणता. असेल. हातात बॅग घेतलेली शेजारीण. चेहरा नीट जमला नाही मला, चित्र मीच काढलंय.

तुम्हाला काय वेगळं सांगायचं, लग्न झालेल्या मुलीनं वर्षाच्या या शेवटच्या रात्री माहेरच्या टेबलाशी जेवायला बसायचं नाही, भावाच्या संसाराला बाधतं म्हणतात. परवा यायचं, नवऱ्याला घेऊन. आणि नवराच सुटला असेल तर? सासरचं टेबल गेलं, माहेरचं आधीच गेलेलं — ना घरची ना दारची. आई वाईट नाही हो. सकाळी फोनवर रडली बिचारी. म्हणाली, ई-आन, वहिनीला दिवस गेलेत यंदा, तू आलीस आणि बाळाला काही झालं तर लोक बोलतील, मनाला लावून घेऊ नकोस. आता आपलेच दात, आपलेच ओठ. आणि मागून बाबांचा आवाज आला — सगळे आले, कोणी राहिलं नाही, चला, पूर्वजांना अगरबत्ती लावू. इतके आनंदात होते, मावशी. रागानं म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. मी फोन तसाच कानाला धरून वाक्य तपासलं, सवयच ती — खरं निघालं.

नाही, तिकीट आधीच काढलेलं होतं ना, म्हणून आले. घर? इथेच, स्टेशनच्या मागे, टर्की भाताच्या दुकानाच्या गल्लीत. चालत जाता येतं. — नाही, काम आहे ना इथं, स्टेशनवर माणसं रिकामी सापडतात.

आली तुमची गाडी. संत्रं कशाला? नको — बरं, द्या. काय म्हणालात? हो, जाते. हो ना, सगळे थांबले असतील जेवायचे. — उठा मावशी, पिशवी सांभाळा. तुमचा डबा पुढे आहे.