नवरदेवाचा कान आणि ट्रॉलीची पिन

नाव : रोशन लडकू हरड, वय २४ वर्षे, शिक्षण सहावीपर्यंत, धंदा ट्रेलर ड्रायव्हर, मूळ राहणार किन्हवलीजवळ, ता. शहापूर, जि. ठाणे. सध्या मुक्काम मुंद्रा बंदर, गुजरात.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील मूळ पत्त्यावर माझे आईवडील राहतात. मी एका जागी टिकत नाही असे वडील म्हणतात, ते खरे आहे. बहीण माधुरी हिच्या लग्नासाठी सुट्टी काढून गावी आलो.

काल दुपारी मुरबाडच्या बाजूने, सिद्धगडाकडून वऱ्हाड आले. नवरदेव सुनिल व सगळी मंडळी फुगे लावून सजवलेल्या चारचाकी ट्रॉलीत होती. ट्रॅक्टर, ट्रॉली नवरदेवाचे मामा भगीरथ यांची. चालवत तेच होते. माझ्यावर तक्रार त्यांचीच आहे.

माणसे उतरल्यावर मी सवयीने ट्रॉलीचा जोड पाहिला. हुकात पिनेच्या जागी पहारीचा तुटका तुकडा होता. खाली क्लिप नाही, वर सुतळी बांधलेली. जोड सुटलाच तर धरायला साखळी नाही, ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. परतताना तिच्यात माझी बहीण बसणार होती. मी मामांना सांगितले. ते म्हणाले, "तू कंटेनर ओढतोस म्हणून आमाला शिकवतो का रे?" मंडळी हसली. मीही हसलो.

मुंद्र्याला माझ्यासोबत हनुमान नावाचा क्लीनर होता. ट्रेलर जोडताना त्याचे काय झाले ते या तक्रारीत येत नाही, म्हणून सांगत नाही.

आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, मग नवरा त्याला मागेल ते देतो. मी उजवा कान धरला. दाजींनी कपड्यांचे पाकीट पुढे केले. मी म्हणालो, "कपडे नको दाजी. ट्रॉलीला खरी पिन, क्लिप, साखळ्या पायजेत. आणि ब्रेक बसत नाय तवर तिच्यात माणूस बसणार नाय."

मामांनी साफ नकार दिला. मी कान सोडला नाही. भटजी थांबले. दाजी वाकून उभे होते, म्हणून करवली नम्रता हिने त्यांना खुर्ची आणून दिली. माधुरी खाली मान घालून हळूच म्हणाली, "दादा, सोडू नको."

मामा चिडले. "बघ आता, ट्रॉली कशी जाते ती," असे बोलून ते ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन मांडवापुढच्या चढाला लागले. ट्रॉलीत बहिणीचे कपाट व गाद्या आधीच भरल्या होत्या. अर्ध्या चढात तो तुकडा उडाला. ट्रॅक्टर पुढे गेला. ट्रॉली मागे आली आणि आमच्या चुलत्याच्या पेंढ्याच्या उडवीत शिरली. कोणास इजा नाही. कपाटाचा आरसाही शाबूत आहे. मामा तसेच बरेच पुढे गेले, मग त्यांनी मागे वळून पाहिले. मग मी कान सोडला, लग्न लागले आणि वऱ्हाड नवरीला घेऊन जीपने गेले.

मामांच्या तक्रारीत दोन गोष्टी आहेत. एक, मी भर मांडवात नवरदेवाचा कान धरला तो ट्रॉली जाईपर्यंत सोडलाच नाही. दुसरी, त्याच वेळात मी मांडवाबाहेर जाऊन पिन ढिली केली. पहिली मला कबूल आहे. दुसरीला माझा हात एवढा लांब नाही. सगळा मांडव साक्षीला आहे. दाजी बाहेर बाकावर बसले आहेत, कान अजून लाल आहे, तो पाहावा.

दाजींनी आज ठाण्यात येताना शहापुरातून पिन, क्लिप व दोन साखळ्या घेतल्या. ब्रेकसाठी वेल्डिंगवाल्याला सांगितले. मामा त्यांच्याच शेजारी साखळ्या मांडीवर घेऊन बसले आहेत. मी आत येताना त्यांनी दाजींकडे बघत मला विचारले, "ह्या सरळ लावायच्या का रे?" मी सांगितले, "नाय मामा, खालून फुली घालायची. वळताना ताण बसणार नाय एवढी ढील ठेवायची." त्यांना ते नीट कळलेले नाही. जबाब झाल्यावर दाखवतो असे मी बोललो आहे. तक्रार मागे घ्यायची की नाही ते मामा त्यानंतर सांगणार आहेत.

माझा हा जबाब हवालदार साहेबांनी मला वाचून दाखवला. कानाचे तेवढे त्यांनी दोनदा वाचले. दोन्ही वेळेस जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.