आधीची चाचणी

धाकट्या भावाचं पत्र आलं होतं. "दादा, तुझं सगळं जमलं, माझंच का नाही?" त्याला मी कधी उत्तर दिलं नाही. आज लिहून आणलं, तरी पोस्टाच्या रांगेत पाकीट चिकटवायला धीर होईना. पुढे दोघं संगणकवाले बोलत होते.

"ताई, सिस्टिमच्या गाभ्याची, कर्नेलची, मेमरी चाचणी परत नापास. एकटी चालवली की पास!"

"मग माझं डोकं का खातोस?"

"साहेब म्हणतात, आज काढूनच टाक ती."

"थांब जरा. तिच्या आधी कोणती चालते?"

"ती तर कायम पास होते."

"घेतलेली मेमरी परत करते का?"

"बघतो." त्याने उभ्यानेच लॅपटॉप उघडला. "अगं, नाही! सगळी धरून बसते. हिला काही उरतच नाही."

"आणि तू महिनाभर हिलाच झोडपतोयस."

"पण मग आधीची पास कशी?"

"तिचं काम झालं ना! मागचीचं काय होतं, ते तिला कोण विचारतंय?"

मला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण वडिलांची सगळी पुंजी माझ्याच शिक्षणात संपली होती, ते आठवलं.

"आजोबा, सरका पुढे."

"पेन देता का जरा?"

उपदेशाची तीन पानं मी खिशात घातली. कोऱ्या कागदावर "चूक तुझी नव्हती" एवढंच लिहिलं आणि पाकीट पेटीत टाकलं.