पोरीच्या मेंदूचा फोटो आणि माझं कोपर

मेंदूचा फोटो काढा, माझं काही म्हणणं नाही, पण बापाला तिथे गप्प बसा म्हणून सांगायचं, ही कुठली पद्धत? आणि तेही मला? मी मुळात कमी बोलणारा. बस स्टँडवर घोषणा करतो, दिवसभर माइकवर तोंड चालतं, म्हणून बाहेर मोजकंच. तर आमची मुलगी... बारा वर्षांची, हुशार आहे हो, पण हात आधी निघतो आणि विचार मागून येतो. वर्गात शेजारच्या मुलीनं पेन्सिल मागितली, तिच्या डोक्यात कंपासपेटी. शाळेनं शेवटी हात टेकले आणि आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "वर्तनाचा विकार आहे. गोळी देऊन बघू. आमचा अभ्यास चाललाय, त्यासाठी गोळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मेंदूचा फोटो काढू. कुठला भाग कामाला लागतो ते दिसेल." मी काही बोललो नाही. एवढंच विचारलं, की गोळीनं ती मठ्ठ होईल का, तिचं हसणं जाईल का, उलट उत्तर देणं जाईल का, सकाळी मला 'घोषणा बंद करा' म्हणते ते जाईल का... बायको म्हणाली, "अहो, त्यांना श्वास तरी घेऊ द्या."

खरं सांगू? धास्तीच होती. पोरगी जीव नकोसा करते, पण ती आमची आहे. उद्या घरात भलतीच शहाणी मुलगी येऊन बसली, तर तिच्याशी मी बोलू काय?

पहिला फोटो. भलंमोठं नळकांडं, आत आडवं पडायचं, समोर पडद्यावर अक्षरं येतात. अक्षर आलं की बटण दाबायचं, फुली आली की नाही दाबायचं. आमच्या बाईसाहेबांनी फुलीवर दोन-दोनदा दाबलं, वर आतून ओरडल्या, "ही फुली मला चिडवते!" डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. "हा कपाळामागचा भाग. स्वतःला थांबवताना इथे जाग यायला हवी, हिच्या इथे झोप आहे." मी काही बोललो नाही. फक्त म्हटलं, हिच्या आईच्या घराण्यात... तर बायकोनं चिमटा काढला.

मग गोळी सुरू झाली, आणि काही आठवड्यांनी दुसरा फोटो. या वेळी पोरगी आत गेली आणि चिडीचूप. मी काचेअलीकडे, मशीन चालवणाऱ्याच्या टेबलाशी. गेली, म्हटलं, आमची पोरगी गेली! मन रमवायला त्या बिचाऱ्याला हळू आवाजात तिच्या गोष्टी सांगत बसलो. लहानपणी बादलीत अडकली ती, नाटकात झाड झाली आणि राजाला लाथ मारली ती, अंथरुणात एकदा... जाऊ दे. तो पडद्यात डोकं घालून बसलेला, बऱ्याच वेळानं म्हणाला, "काका, कोपर उचला."

कोपर कुठे? बटणावर. कसलं बटण? आत बोलायचं! स्टँडवर मी माइकचं बटण कोपरानंच दाबून धरतो हो, हातात चहा असतो ना. म्हणजे सगळंच्या सगळं पोरीच्या कानात!

डॉक्टरीणबाई आल्या. बघतात तर तो कपाळामागचा भाग सारखा उजळलेला, फुली असो नसो. "ही एवढी कसल्यापासून स्वतःला थांबवतेय?" मी काही बोललो नाही. या वेळी खरंच.

पोरगी बाहेर आली, शांतपणे चपला घातल्या आणि मग तुम्हाला सांगतो, एकेक काढलं. "बादलीत मला तुम्हीच बसवलं होतं. राजानं आधी माझी फांदी मोडली. आणि अंथरुणाचं म्हणाल, तर तुमचं घोरणं सांगू का यांना?" एक उत्तर विसरली नव्हती! सगळी आत सांभाळून ठेवलेली, ओळीनं. मला तिथेच रडू आलं. हीच हो, हीच आमची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा फोटो वाया गेला. पुन्हा काढू, पण हिला आई घेऊन येईल."

"आणि मी?"

पोरीनं माझा हात धरला, अगदी मायेनं. "बाबा, तुम्ही स्टँडवरच बोला. तिथे कुणी ऐकत नाही."

मी काही बोललो नाही.