माझ्या दोनाला सुटलेलं पोट

...आणि मी दोनच इंच सांगितले होते हो, दोनच. थांबा, मधूनच सुरू केलं. तुम्हाला सांगतो, हे सगळं मी वहीत लिहून आणलंय, कारण चार माणसांसमोर तोंडी बोलायला उभा राहिलो की माझा घसा बसतो. शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ सगळं अंदाजाने, शब्दही साधेच, तेवढं माफ करा. म्हणजे तुम्हाला नुसतं ऐकू येणार, दिसणार काहीच नाही, तरी माफ करा, कारण या सगळ्या घोळाचं मूळ माझं अक्षरच आहे.

तर गाडी. आमची जुनी पिकअप, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबांनी ती बावीस वर्षं चालवली, आता त्यांचे गुडघे गेले म्हणून मी चालवतो आणि ते शेजारी बसतात. बसतात म्हणजे नुसते बसत नाहीत. फरश्यांची खोकी मोजतात, फुटकी निघाली की गोदामवाल्याशी भांडतात, मला "हळू" म्हणतात. भांडण हे आमच्या धंद्यातलं अर्धं काम, आणि नेमकं तेच मला येत नाही. कोणी काही म्हटलं की माझ्या तोंडून एकच शब्द निघतो... बरं.

आता मागे फरश्या भरल्या की गाडी बसते. स्प्रिंगचे जुने पाटे, किती भार घेणार? आणि गोदामाच्या फाटकाखाली सरकत्या दाराची ती लोखंडी पट्टी आहे ना, तिच्यावरून बाहेर पडताना सायलेन्सर रोज घासायचा. खर्रर्र. की बाबा डोळे मिटून स्वतःच्या पोटावर हात ठेवायचे. रोज. मला ते बघवेना. म्हटलं, गाडी जरा वर घ्यावी. लोक घेतात तशी नाही, शिडी लावून चढायची नाही. दोन इंच. बाबांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि मी बरं म्हटलं असतं, झालं, संपलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक मिस्त्री आहे, त्याला सगळे 'मापात' म्हणतात. दार लागत नसो, ब्रेक किंचाळत असो, हा हात पुसत म्हणणार, "मापात आहे रे, मापात." गाडी घेऊन गेलो तर तो दुसऱ्या एका गाडीखाली आडवा, नुसते पाय बाहेर. आता पायांशी काय बोलायचं? मी चिठ्ठी लिहिली, 'पुढे २ मागे २ इंच वर', किल्लीसकट त्याच्या पान्याखाली ठेवली आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणायला गेलो, तर लांबून वाटलं ही कोणाची गाडी? रंग आमचा, चेपलेलं दार आमचं, पण उभी अशी, जणू पायाखालून उंदीर गेलाय. मोजपट्टी लावून बघितली. तीन.

"दोन सांगितले होते," मी म्हटलं. म्हणजे आधी मनात म्हटलं, मग थोड्या वेळाने तोंडाने म्हटलं.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. "हे काय आहे?"

"दोन."

"दोनाला दोन पोटं असतात?"

बघितलं, तर... असं आहे, माझ्या दोनाला वळताना मध्येच पोट सुटतं. वर्गात बाई म्हणायच्या, "तुझा दोन जेवून आलाय का रे?" शाळा सुटली, दोन काही सुधारला नाही.

"हे बघ," मापात म्हणाला, "पाट्यांखाली घालायचे ठोकळे कापले, बसवले, बोल्ट आवळले. परत दोन करायचे तर नवे ठोकळे लेथवर करून आणायला लागतील, आणि लेथवाला आजच गेलाय बाहेरगावी, महिन्याने येईल. एका इंचाने काय होतंय? मापात आहे."

मी काय म्हटलं असेल? बरं म्हटलं.

एका इंचाने काय होतंय ते सांगतो.

सकाळी गाडी दारात उभी केली. बाबा आले. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत गाडीकडे. दार उघडलं, वरची मूठ धरली, मूठ सोडली, दार लावलं. "आज तू जा. मला घड्याळ दुरुस्तीला टाकायचंय." घड्याळ हातात टिकटिक करत होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज नळवाला यायचाय." घरात एकही नळ गळत नाही. तिसऱ्या दिवशी कारणच नव्हतं. म्हणाले, "माझं तिथे आता काय काम?" आणि आत जाऊन खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले.

रुसले. दुसरं काय? विचारल्याशिवाय त्यांच्या गाडीला हात लावला ना मी. आणि इकडे गोदामात माझी काय दशा! पट्टीवरून गाडी अलगद बाहेर, सायलेन्सर कुठे टेकत नाही, आवाज नाही... आणि शेजारची सीट रिकामी. तो गोदामवाला, तीन दिवस तोच प्रश्न, "काय रे, म्हातारे कुठायत?" आणि मग फुटक्या खोक्यावर हात ठेवून, गोड आवाजात, "हे फुटकं नाही हं, हा नक्षीचा भाग आहे." नक्षीचा भाग! बाबांनी त्याला तिथेच उभा सोलला असता. मी म्हटलं, बरं. तीन दिवसांत सात खोकी नक्षी घरी आणली मी, आणि बाबांच्या कानावरही घातलं.

शेवटी ताईला सांगितलं. माझी मोठी बहीण, आमच्या घरात खरं बोलायचं काम तिच्याकडे आहे. म्हटलं, बाबा माझ्यावर रुसलेत.

"रुसायला काय झालंय?" भांडी पुसता पुसता म्हणाली. "पाय पोचत नाही त्यांचा."

"म्हणजे?"

"काल दुपारी तू झोपला होतास. ते गाडीपाशी गेले. पाय टाकला, खाली आले. परत टाकला, परत खाली. तिसऱ्यांदा गुडघ्याला हात लावून उचलून ठेवला, तरी नाही. मग कोणी बघितलं का म्हणून रस्त्याकडे बघितलं, आणि रुमाल काढून टायर पुसत बसले."

टायर. बाबांनी आयुष्यात कधी टायर पुसला नाही.

दोन इंच असते तर चढले असते. कदाचित. 

"स्टूल ठेवतो," मी म्हटलं.

"ठेव. समोरची सगळी खिडकीत येऊन बघतील, आणि मग बाबा त्या गाडीत जन्मात बसणार नाहीत. अक्कल आहे का तुला?"

मी म्हटलं, बरं. कशाला बरं म्हटलं तेही कळलं नाही.

पण मग डोक्यात आलं. गाडी महिनाभर खाली येत नाही ना? बाबा वर जात नाहीत ना? मग मध्ये उरली कोण? जमीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाल्याच्याही आधी, मी फावडं घेतलं आणि दारासमोर बाबांच्या बाजूच्या दोन चाकांसाठी दोन खड्डे खणायला लागलो. तीनच इंच खणायचे होते. पण मोजपट्टी घरात, आणायला गेलो तर बाबा उठायचे, माती मऊ, आणि हात एकदा चालायला लागला की... मापात आहे, म्हटलं, मापात, आणि खणत गेलो. गाडी पुढे घेतली, दोन्ही चाकं खड्ड्यात उतरवली. गाडी एका अंगाला कलली, पण बाबांच्या दाराची पायरी कशी छान खाली आली.

बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले. "ही लंगडी का उभी आहे?"

"जमीन खचलीय."

"पाऊस नाही, पाणी नाही, आणि खचली."

"हो."

"बरोबर चाकांखाली."

"हो."

त्यांनी भिंतीला टेकवलेलं फावडं बघितलं. मग माझे हात बघितले. मी ते मागे घेतले. कप त्यांनी कुंपणावर ठेवला, दार उघडलं, मूठ धरली, पाय टाकला... आणि बसले. एका दमात. दार लावलं, काच खाली केली, समोर बघत म्हणाले, "ती सात खोकी मागे टाक. नक्षी दाखवून येऊ त्याला."

खोकी टाकली. गाडी सुरू केली, पहिला गियर टाकला, खड्ड्यातून चाकं वर चढवायला लागलो, आणि...

खर्रर्र.

बाबांनी डोळे मिटले. पोटावर हात ठेवला. "तरी मी म्हणत होतो," बोललेलं नव्हतं त्यांनी काहीच, "ही गाडी दोन इंच वर घ्यायला हवी."

"बाबा, तीन घेतलीय."

"मग अजून दोन घे."

आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणणार?

बरं म्हटलं.