डोक्यामागचा जोड

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे म्हणजेच शर्यत मंडळाचे मुख्य तपासनीस साहेब, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे मास्तर म्हणतो ते माझे दाजी, कारखान्यातले माझे सहकारी, इथे जमलेले चालक आणि त्यांच्या घरची मंडळी, आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेली माझी थोरली बहीण, मास्तरांच्या पत्नी. सर्वांना माझा नमस्कार.

माईक जरा खाली घेतो. मी रंगारी माणूस. तोंडाला मास्क बांधून आयुष्य गेलं, त्यामुळे चारचौघांत बोलायची सवय नाही. संयोजकांनी दोन शब्द बोला म्हणून सांगितलं होतं. दोनात भागणार नाही, हे आधीच कबूल करतो.

मास्तर आज निवृत्त होताहेत. अडतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. सरळ पट्टीवर पाव मैल धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचे सांगाडे बांधले. बाहेरच्यांना वाटतं, इथे सगळी करामत इंजिनाची. आठ सेकंदांत पाव मैल संपतो, कानठळ्या बसतात, लोक टाळ्या वाजवतात. चालकाभोवती नळ्यांचा जो पिंजरा असतो, त्याच्याकडे कोण बघतं? त्याची आठवण होते, तेव्हा गाडी उलटलेली असते.

एकदा एक चालक मास्तरांशी वाद घालायला आला. म्हणाला, "मागच्या दोन नळ्या काढा, वजन कमी होईल." मास्तर मान वर न करता म्हणाले, "त्यापेक्षा तुम्ही जेवण कमी करा." ते गृहस्थ आज इथे बसलेत. हसताहेत. जेवण कमी केलेलं नाही, तेही दिसतंय. पण पुढे त्यांची गाडी कठड्यावर आदळून तीनदा पलटी झाली, आणि ते स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले.

मास्तरांचे दोन नियम होते. नवीन मंडळींना माहीत नसतील, म्हणून सांगतो. सांगाडा पूर्ण झाला, तपासनीस साहेबांनी बल्ब धरून एकेक जोड पाहिला, की रंग लावायच्या आधी चालकाच्या घरचं एक माणूस बोलवायचं. आई, नवरा, बायको, कोणीही चालेल. मास्तर त्यांना म्हणायचे, "तुमचं माणूस आत बसणार आहे. जोड बघून घ्या. बोट फिरवा." उघड्या पोलादावर वेल्डिंगची ओळ असते, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली. ती बोटाला लागते. मी एकदा विचारलं, त्यांना त्यातलं काय कळणार? तर म्हणाले, "त्यांना नाही कळलं तरी चालेल. कोणाचा हात यावर फिरणार आहे, हे मला आधीपासून माहीत असतं ना."

दुसरा नियम, त्या ओळीला कानस लावायची नाही, ग्राइंडर तर नाहीच नाही. घासून गुळगुळीत केलेला जोड दिसायला सुरेख, पण त्यातलं पोलाद निघून गेलेलं असतं.

आता माझी अडचण ऐका. या कारखान्यात येण्याआधी मी वीस वर्षं अपघातातल्या मोटारी रंगवल्या. तिथे रंगाऱ्याची सगळी विद्या एवढीच, की जोड दिसता कामा नये. दार कुठे चेपलं होतं, हे मालकालासुद्धा विसरायला लावायचं. मास्तर म्हणायचे जोड दिसला पाहिजे, माझे हात म्हणायचे लपला पाहिजे. यावरून आमची रोज जुंपायची आणि बाकीच्यांची करमणूक व्हायची.

अध्यक्षमहाराज, मघाशी आपण सन्मानपत्र वाचलंत. त्यात एक वाक्य आहे, "एकशे बारा सांगाडे, एक दुर्दैवी अपवाद वगळता सर्व निर्दोष." लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. पण ते वाक्य आलं तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली, आणि माझ्या ताईने खिडकीकडे तोंड फिरवलं. म्हणून लिहून आणलेलं भाषण मी खिशातच ठेवलंय.

तो अपवाद म्हणजे भिंगरी. मास्तरांची आणि ताईची एकुलती एक मुलगी, माझी भाची. लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. मोठी झाली आणि नेमकं हेच गाडीत बसायचं वेड घेतलं. मास्तर दोन वर्षं नाही म्हणाले. मग म्हणाले, "बसणारच असेल, तर माझ्या पिंजऱ्यात बसू दे." हेल्मेट आणि वरची नळी यांच्यात तीन बोटं मोकळी हवीत, म्हणून तिला चार वेळा बसवून मोजलं. पाचव्यांदा बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे. माझं डोकं आता वाढणार नाही."

रंगाच्या आधी घरचं माणूस म्हणून ताई आली. ताई, आठवतंय? डोक्यामागे आडवी नळी जिथे जोडली होती, तिथे तू बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "किती खरखरीत आहे हे. तिचे केस अडकतील." दाजी म्हणाले, "अडकू देत."

दुसऱ्या दिवशी सांगाडा माझ्या शेडमध्ये आला, आणि मास्तर दुसऱ्या गाडीच्या कामासाठी बाहेरगावी गेले. भिंगरीने निळा रंग निवडला होता. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता आणि मागून फोटो घेणार होता. प्रायमर मारल्यावर तो जोड माझ्या डोळ्यांना खुपायला लागला. भाचीची गाडी, मामाने रंगवलेली, आणि फोटोत ती ओबडधोबड ओळ? मी ग्राइंडर लावला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वरून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला, निळा रंग चढवला. भिंगरीने बघितलं आणि म्हणाली, "मामा, काय सुंदर केलंस." मास्तर परतले तेव्हा गाडी पट्टीवर उभी होती. आपला नियम माझ्या शेडमध्येही पाळला जातो, यावर त्यांचा विश्वास होता.

माफ करा. एक घोट पाणी पितो.

तिसऱ्या धावेत मागचं चाक फुटलं आणि गाडी उलटली. त्या पिंजऱ्याचे सगळे जोड टिकले. डोक्यामागचा एक उकलला.

चौकशी समितीच्या टेबलावर तो तुकडा ठेवला होता. वर माझा रंग तसाच होता. जोडात पुरेसं पोलाद नव्हतं, एवढंच समितीला कळलं. त्यांनी मास्तरांना विचारलं, "हा जोड तुमचा?" मास्तरांनी तुकडा उचलला, त्यावर अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "माझाच." मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. मी तोंड उघडलं नाही.

याला अकरा वर्षं झाली. ताईने मास्तरांशी बोलणं तोडलं. ताट वाढायचं, औषध द्यायचं, बस. दर रविवारी ती माझ्याकडे यायची, स्वयंपाकघरात बसायची आणि म्हणायची, "ह्यांच्या हाताने गेली रे माझी पोर." मी चहा करायचो आणि ऐकायचो. अकरा वर्षं मी ते ऐकलं. कसं ऐकलं, ते मला विचारू नका.

दुसऱ्या वर्षी मी मास्तरांना म्हणालो, "ताईला सांगून टाकतो." ते नळी कापत होते. ती त्यांनी कापून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सांगू नकोस. तिचे आई-वडील गेले, पोर गेली, माझ्याशी ती बोलत नाही. तुझं घर तेवढं तिला माहेर उरलंय. ते राहू दे." मी त्यांचं ऐकलं. ऐकणं माझ्या सोयीचं होतं, हेही आज सांगून टाकतो.

त्यानंतर त्यांनी घरच्या माणसाला बोलावण्याचा नियम बंद केला. कोणी कारण विचारलं, तर म्हणायचे, "माझ्याही घरचं माणूस बघून गेलं होतं."

तपासनीस साहेब, तुम्ही पास केलेला सांगाडा चांगलाच होता. तुमच्याही मनात काही राहिलं असेल, तर ते आज काढून टाका. अध्यक्षमहाराज, सन्मानपत्रातली ती ओळ खोडावी, अशी माझी नम्र विनंती आहे. एकशे बारा सांगाडे, सर्व निर्दोष. एवढंच लिहा.

चौकशीनंतर मास्तर तो तुकडा भंगारात टाकायला निघाले होते. मी मागून घेतला. वरचा रंग उतरवलाय. आज तो बरोबर आणलाय आणि इथे, या टेबलावर ठेवतोय. ताई, तू अकरा वर्षांत पहिल्यांदा यांच्या माणसांत आलीस, तीही माझ्या आग्रहाखातर. त्या दिवशी तुझ्या बोटाला काय लागलं होतं, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एकदा इथे येऊन यावरून बोट फिरव. मग दाजींना घेऊन घरी जा.

बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे, आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर ते सभागृहाने पोटात घालावं. हाताने जे झालं, ते पोटात घाला असं मी कोणालाच म्हणणार नाही.

ताई, रविवारी दार उघडं ठेवीन. तू आली नाहीस, तरी ठेवीन.