झरोका पुसला होता

(नवरोझच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, आदल्या दिवशीची दुपार. पामीरच्या डोंगरातलं पाच खांबांचं घर. उजेड यायला छतात काचेचा एकच झरोका. सून मव्जुदा छतावर, सासू सब्जनमो आत खांबापाशी पिठाची वाटी घेऊन, आणि दहा वर्षांची नात परिजोद चुलीजवळ वही उघडून बसलेली.)

सब्जनमो : अजून काळाच आहे! जोर लाव जरा. हाताला मेंदी लागलीय का?

मव्जुदा : आई, चौथ्यांदा पुसतेय. काचेत आता माझं तोंड दिसतंय, आणि ते मला बघवत नाहीये.

सब्जनमो : मग भर दुपारी घरात हा अंधार कसला?

मव्जुदा : मला काय माहीत. उतरू का? गुडघे बोलायला लागलेत माझे.

सब्जनमो : उतर, उतर. काम सांगितलं की बरे गुडघे आठवतात. आमच्या सासूबाई काजळी झाडून झाली की तुळईवरून पांढरं फडकं फिरवायच्या. डाग पडला की सगळं परत. आणि हा खांब बघ. तीनदा पिठाची नक्षी काढली, एकदा म्हणून उठली नाही. काजळी नीट निघाली नाही की पीठ धरत नाही लाकडाला.

परिजोद : आजी, पीठ तर धरलंय की.

सब्जनमो : तू वहीत बघ.

मव्जुदा : आले खाली. कुठला खांब? ... अगं बाई! आई, हे काय केलंत?

सब्जनमो : काय केलं? मेंढ्याची शिंगं काढली, वर सूर्य, भोवती ठिपके. चाळीस वर्षं काढतेय.

मव्जुदा : एकावर एक काढलीत तीनदा. शिंगांत शिंगं अडकलीत, सूर्य त्यांच्याखाली गेलाय. नुसता लगदा झालाय पिठाचा. उद्या सकाळी सगळ्या बायका सणाला दारात येतील, आधी हाच खांब बघतील.

सब्जनमो : बघू देत. काजळी कुणी पुसली होती तेही विचारतील.

मव्जुदा : मुद्दाम करताय का? खरं सांगा. पाण्याला गेले की शेजारची गुलबेगिम विचारते, तुमच्याकडे म्हणे दिवसा दिवा लावावा लागतो, मव्जुदा झरोका पुसत नाही म्हणून. कुणी सांगितलं तिला?

सब्जनमो : मी. खोटं आहे का?

मव्जुदा : आणि रशियात कामाला गेलेल्या तुमच्या लेकालाही फोनवर सांगितलंत. परवा मला म्हणाले, जरा घराकडे बघ. मी काय करते दिवसभर मग? पाणी मी, गाय मी, जळण मी, ही पोरगी मी.

परिजोद : मी काय केलं आता?

मव्जुदा : तू काही नाही केलंस. मी दमलेय, एवढंच.

परिजोद : आजी, पण अंधार असला तर खांबच दिसणार नाही ना. माझ्या धड्यात आहे. सुट्टी संपली की वर्गात उभं राहून सांगायचाय, आपल्याला वस्तू कशी दिसते ते.

सब्जनमो : काय लिहिलंय धड्यात? तुझ्या आईनं झरोका पुसावा असं लिहिलंय का?

परिजोद : जवळजवळ तसंच. सूर्य, दिवा, चुलीतला जाळ, अशांनाच स्वतःचा उजेड असतो. बाकी सगळ्यांचा उसना.

सब्जनमो : म्हणजे ही माझी वाटी उसनवारीवर दिसते?

परिजोद : हो! झरोक्यातून उजेड येतो, वाटीवर आपटतो, तिथून उडी मारतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. मग वाटी दिसते.

सब्जनमो : काहीतरीच. डोळ्यात काही शिरलं तर पाणी येतं. मी नजर टाकते म्हणून मला दिसतं. सरळ गोष्ट आहे.

परिजोद : मग काळोखात गोठ्यात नजर टाक की! परवा गाढवाच्या पायावर पाय दिलास.

सब्जनमो : गाढवच आडवं आलं.

परिजोद : ते झोपलं होतं. नजर आपल्या डोळ्यातून बाहेर जात असती तर काळोखातही दिसलं असतं. बाहेरून उजेडच आला नाही, तर डोळा काय करणार? बसून राहणार.

मव्जुदा : परी, पुढे वाच आणि संपव. मला अजून गहू भिजवायचेत.

परिजोद : पुढे रंग आहेत. पांढरी वस्तू आलेला उजेड जवळजवळ सगळा परत पाठवते. लाल गालिचा फक्त लाल तेवढा परत देतो, बाकीचा ठेवून घेतो. आणि काजळी सगळा गिळते.

सब्जनमो : माझ्या भावासारखी. लग्नाला घेतलेला घोडा अजून परत आलेला नाही.

परिजोद : आजी, ऐक ना. म्हणजे काजळीनं काळ्या झालेल्या खांबावर पांढरं पीठ काढलं, तर ते सगळ्या घरात उठून दिसायला पाहिजे. काजळी राहिली असली तरी. उलट जास्तच.

सब्जनमो : ... झरोका मळका असला तर नाही दिसत.

परिजोद : थांब, दाखवतेच तुला. तो कवडसा आलाय ना आत, तो खरं तर दिसतच नाही. त्यातली धूळ उजेड परत पाठवते, ती दिसते. आता मूठभर पीठ घ्यायचं आणि...

मव्जुदा : परी, खबरदार! आत्ताच झाडलंय सगळं!

परिजोद : उडवलं! बघ आजी! छतापासून थेट खालपर्यंत. सहावा खांबच उभा राहिला! दिसला?

सब्जनमो : दिसला की. छान आहे.

परिजोद : हलतोय बघ कसा!

सब्जनमो : हो तर. हलतोय.

मव्जुदा : आई, कुठे बघताय तुम्ही?

सब्जनमो : समोर. कवडशाकडे.

मव्जुदा : कवडसा तुमच्या पाठीमागे आहे, आई.

परिजोद : आजी?

मव्जुदा : इकडे वळा. ही माझी बोटं किती?

सब्जनमो : बाजारात आहे का मी, मोजायला?

मव्जुदा : किती?

सब्जनमो : ... हात कुठे धरलायस, तेवढं तरी सांग.

मव्जुदा : बसा. बसा इथे. परी, ती वाटी घे आजीच्या हातातून. कधीपासून हे?

सब्जनमो : गेल्या उन्हाळ्यात जर्दाळू वाळत घातले होते तेव्हापासून. आधी वाटलं, चुलीचा धूर असेल. मग वाटलं, झरोकाच मळलाय. देवाशपथ, पहिला महिनाभर मला खरंच तसं वाटलं ग.

मव्जुदा : आणि नंतर?

सब्जनमो : नंतर कळलं. पण तोवर तुला बोलायची सवय लागली होती.

मव्जुदा : वा! आणि मी थंडीत, बर्फात शिडी लावून चढत होते. हात सोलले माझे. गावभर मी आळशी झाले. एकदा सांगायचं होतंत, आई. एकदा.

सब्जनमो : झरोक्याला नावं ठेवली की तू वर चढायचीस. डोळ्यांना ठेवली असती तर मला चुलीपाशी बसवून ठेवलं असतंस, हातात वाडगा देऊन. माझ्या सासूला मी तसंच बसवलं होतं. सात वर्षं. कुणी तिला काही विचारायचं नाही. भीती वाटली मला. हे घ्या, सांगितलं.

मव्जुदा : मी थकलेय ते पुसून नाही. ऐकून ऐकून थकलेय.

परिजोद : पण आई, उजेड तर वाटीपर्यंत पोचला ना? वाटीनं परतही पाठवला. मग अडला कुठे?

मव्जुदा : परी, मीट ती वही.

सब्जनमो : बोलू दे तिला. कुठे अडला ग, सांग.

परिजोद : चित्रात डोळ्याच्या आत एक भिंग दाखवलंय, काचेसारखं. उजेडाला त्यातून आत जावं लागतं. ते धुरकट झालं तर ... तर आत पोचत नसेल नीट.

सब्जनमो : म्हणजे तिथेही एक झरोका आहे. आणि तिथे काही सुनेला चढवता येत नाही.

मव्जुदा : हसवू नका आई. रडू येतंय मला.

सब्जनमो : मलाही येतंय. म्हणून तर बोलतेय.

मव्जुदा : मोतीबिंदू असणार. शोदमोनच्या म्हाताऱ्या बापाचा खोरोग शहरातल्या डॉक्टरांनी काढला. आता अंगणात बसून डोंगरावरची शेळी कुणाची ते सांगतो.

सब्जनमो : तो आधीही सांगायचा. चुकीचं.

मव्जुदा : आता बरोबर सांगतो. सण झाला की आपण जायचं.

सब्जनमो : बघू.

मव्जुदा : बघू नाही. जायचं. शिडी चढायचे दिवस संपले माझे.

सब्जनमो : बरं बाई. जाऊ. पण त्या खांबाचं काय? उद्या बायका येणार. नक्षीशिवाय सण म्हणजे वर्षभराचा अपशकुन.

मव्जुदा : पुसते आणि नवी काढते. पण मला येत नाही. इतक्या वर्षांत वाटीला हात तरी लावू दिलात का?

सब्जनमो : नाही दिला. खरंय. चल, पूस ते. पुसलंस? आता बोटं पिठात बुडव. तुझं मनगट कुठे आहे? हां. मी धरते, तू सैल सोड. हे असं वर ... आणि वळव. शिंग झालं.

परिजोद : एक शिंग मोठं आलंय, आजी.

सब्जनमो : मेंढा म्हातारा आहे. दुसरं काढ, मव्जुदा. घाई नको.

मव्जुदा : हात भलतीकडेच ओढतोय.

सब्जनमो : तुझा की माझा?

मव्जुदा : कळत नाहीये. झालं. आता सूर्य.

सब्जनमो : सूर्य तू एकटी काढ. ... काढलास? कसा दिसतोय?

मव्जुदा : छान.

सब्जनमो : खोटं बोलू नकोस. घरात मी एकटी पुरे.

मव्जुदा : वाकडा आलाय, आई. एका बाजूला घसरलाय.

सब्जनमो : असू दे. उद्या गुलबेगिम आली की मला इथेच बसव, या खांबापाशी.

मव्जुदा : कशाला? तिला कळेल तुम्हाला दिसत नाही ते.

सब्जनमो : मीच सांगणार आहे. आणि हेही सांगणार आहे, की झरोका पुसलेला होता.